अल्ड्रोव्हांडा: ओळखायची कशी, आणि सापडलीच तर करायचं काय?

काठावरचा:

"ही अल्ड्रोव्हांडाच ना?" असं विचारत पाण्यातल्या कुठल्याही हिरव्या गुंत्याचा फोटो टाकायची सध्या साथ आली आहे. दर वेळी तेच उत्तर टंकण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. आधी ओळख, मग संवर्धन. वाद घालायला वाव दुसऱ्या भागातच आहे, पहिल्यात फारसा नाही.

अल्ड्रोव्हांडा व्हेसिक्युलोसा ही ड्रॉसेराच्या, म्हणजे आपल्या दवबिंदूच्या कुळातली मांसाहारी पाणवनस्पती. तिच्या प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, आज जिवंत असलेली ही एकटीच जात. बाकीच्यांचे जीवाश्म तेवढे उरलेत, तेही बहुतेक बियांचे. जमिनीवरच्या व्हीनस फ्लायट्रॅपची, म्हणजे डायोनियाची, ही सगळ्यात जवळची नातलग. पहिली लेखी नोंद १६९६ ची, लिओनार्ड प्लुकनेट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाची, आणि ती भारतातून गेलेल्या नमुन्यावरून केलेली. पुढे बंगाल आणि मणिपूरमधूनही नोंदी झाल्या.

पसारा बघाल तर युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया. एवढं ऐकून वाटतं, मग दुर्मीळ कसली? पण खात्रीच्या ३७९ जागा होत्या, त्या शंभरेक वर्षांत सुमारे ५० वर आल्या, आणि त्यातल्याही दोन तृतीयांश एकट्या पोलंड आणि युक्रेनमध्ये. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती 'संकटग्रस्त' आहे.

आता ओळख. हिला मूळ नसतं. बी रुजताना नावापुरतं येतं आणि तिथेच संपतं. सगळी वनस्पती पाण्याच्या पृष्ठभागाखाली आडवी तरंगत असते, लांबी सहसा वीतभराच्या आत. तुम्ही ओढल्यावर ती चिखलातून उपटून आली असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, ती दुसरी काहीतरी आहे.

खोडावर पानांची वलयं असतात. एका वलयात पाच ते नऊ पानं, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखी चोहोबाजूंनी निघालेली. प्रत्येक पानाला चपटा, हवेच्या पोकळ्या असलेला देठ. देठाच्या टोकाला काही मिलिमीटरचा दोन पाळ्यांचा सापळा, आणि त्या सापळ्याला वेढून पुढे गेलेले चार ते आठ राठ केस. हे केस सापळ्यापेक्षा लांब असतात, त्यामुळे लांबून बघताना सापळा नाही, आधी केसांचा झुपकाच दिसतो. फोटोत नेमका हाच भाग धूसर येतो आणि मग इथे पन्नास प्रतिसाद पडतात.

आणखी एक खूण. वाढ फक्त टोकाकडून होते आणि मागची बाजू कुजत जाते. म्हणजे एक टोक गच्च, ताज्या हिरव्या कळीसारखं आणि दुसरं तपकिरी, लिबलिबीत. दोन्ही टोकं सारखी दिसत असतील तर शंका घ्या. कडक उन्हातले काही वाण लालसर असतात, तेव्हा रंगावर जाऊ नका.

फसवणारे भाऊबंद तीन-चार. युट्रिक्युलारियाची पानं केसासारखी बारीक चिरलेली असतात आणि फुगे, म्हणजे तिचे सापळे, त्या चिरांवर कुठेही लटकलेले. वलयातल्या प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक सापळा अशी शिस्त तिथे नाही. सेराटोफायलमची पानं वलयातच असतात, पण दोन-दोन फाटे फुटलेली आणि सापळा नाहीच. हायड्रिलाची पानं साधी, कडेला दातेरी. आणि चौथी कारा, जी मुळात शैवाल आहे.

------

चिखलपाय:

वाचनखूण साठवली. मग माझाच फोटो पहिला घ्या. उथळ तळं, पाणी आरशासारखं स्वच्छ, तळाशी पांढरट माती. वलयं स्पष्ट आहेत, एका वलयात सात-आठ 'पानं'. सापळे दिसत नाहीत, पण मोबाईलच्या कॅमेऱ्याला एवढं बारीक कुठून दिसणार?

------

भिंगबहाद्दर:

चिखलपाय, एक तुकडा बोटांत चुरडा. कचकच लागते का आणि वास कसला येतो, ते सांगा.

------

चिखलपाय:

बारीक वाळू चुरडल्यासारखी कचकच. वास लसणासारखा, उग्र. हात धुतले तरी जात नाहीये!

------

भिंगबहाद्दर:

कारा. अंगावर चुन्याचं पुट चढतं, ती कचकच त्याची. वासही तिचाच. पण हिरमुसू नका. काराचं कुरण असलेलं नितळ तळं हेही जपण्यासारखं असतं, तिच्याही काही जाती दुर्मीळ आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

फोटोबद्दल सगळ्यांसाठीच सांगतो. पांढऱ्या उथळ तबकात त्याच तळ्याचं पाणी घ्या, त्यात तुकडा तरंगू द्या, बाजूला मोजपट्टी ठेवा. पाण्याबाहेर काढली की सगळी वलयं खोडाला चिकटतात आणि मग कुणीच काही सांगू शकत नाही. एक फोटो वरून, एक बाजूने, एक वलय सुटं करून. दहापट मोठं दाखवणारं भिंग मोबाईलच्या भिंगावर धरलं तरी सापळ्याची फट दिसते. बरेचदा बंद सापळ्यात आत अडकलेली पाणपिसू काळ्या ठिपक्यासारखी दिसते. तो ठिपका दिसला की मग आनंदाने ओरडायला हरकत नाही.

------

अवांतर_अण्णा:

धाग्याला आडवं जाणार नाही, कबूल. पण हा सापळा मिटतो कसा? डायोनियाचा व्हिडिओ पाहिलाय, हिचा नाही.

------

काठावरचा:

अण्णा, हे अवांतर नाही. उबदार पाण्यात सापळा १० ते २० मिलिसेकंदांत मिटू शकतो, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात किंवा त्याहूनही आधी. डायोनियापेक्षा कितीतरी जलद. तिच्या प्रत्येक पाळीवर स्पर्श ओळखणारे केस सहसा तीनच असतात, हिच्या सापळ्यात डझनांनी. डायोनियाची पाळी बाहेरच्या बाजूला फुगलेली असते ती एकदम आत पलटी खाते. अल्ड्रोव्हांडाच्या पाळ्या तशा पलटत नाहीत. मधली शीर थोडीशी वाकते आणि त्या छोट्या वाकण्यातून पाळ्यांची मोठी हालचाल होते. मग सापळा हळूहळू आणखी आवळत जातो आणि आत पचनाचं काम सुरू होतं. डार्विननं १८७५ मध्ये हिला डायोनियाची पाण्यातली छोटी आवृत्ती म्हटलं होतं. नात्याच्या बाबतीत ते अचूक ठरलं, पण मिटण्याची युक्ती दोघींची वेगळी.

एक विनंती. मजा म्हणून काडीने सापळे मिटवू नका. रिकामा सापळा मिटवायला लावणं म्हणजे तिची ऊर्जा फुकट घालवणं.

------

टबातली_बाग:

मी मांसाहारी वनस्पती वाढवते, अल्ड्रोव्हांडाही टबात वाढवली आहे. हंगाम चांगला असला की रोज एखादं नवं वलय धरते, फांद्या फुटतात, फांदी सुटली की नवी वनस्पती. पाहता पाहता टब भरतो. म्हणून सरळ विचारते, एवढ्या सहज वाढणारी वनस्पती दुर्मीळ आहे म्हणून नुसता गळा का काढायचा? आमच्यासारख्यांनी वाढवायची आणि योग्य वाटेल त्या तळ्यांत सोडायची. दहा ठिकाणी सोडली, दोन ठिकाणी जगली, तरी बेरीज वाढलीच की!

------

पाणकणीस:

टबातली_बाग, तुमच्या हाताला यश आहे, पण 'योग्य वाटेल त्या' इथेच घोडं पेंड खातं. अमेरिकेत ही मुळात नव्हतीच. हौशी लोकांनी सोडली आणि न्यू जर्सी, न्यूयॉर्क, व्हर्जिनियात ती आता रानटी झाली आहे. मूळ मुलखात मरायला टेकलेली आणि परक्या मुलखात अशी फोफावलेली की, तिथले लोक डोकं खाजवतायत, हिला जपायची की उपटायची. ती बारीक जलचर खाते, म्हणजे त्या तळ्याच्या अन्नसाखळीत तुम्ही एक नवा शिकारी सोडलात.

शिवाय टबातून ती एकटी जात नाही. गोगलगाईंची अंडी, तंतुमय शैवाल, दुसऱ्या युट्रिक्युलारियाचे तुकडे, सगळं बरोबर जातं.

------

टबातली_बाग:

परका मुलूख सोडा, ते मान्य. मी मूळ मुलखाबद्दलच बोलतेय. चेक प्रजासत्ताकात ती नामशेष झाली होती आणि १९९० च्या दशकात त्रेबोन भागात परत आणली. ते रोप पोलंडमधलं होतं आणि आधी संस्थेत वाढवलेलं होतं. म्हणजे वाढवून सोडणं चालतं, फक्त आम्ही हौशी म्हणून आमचं चालत नाही, असं आहे का? जपानचंही बघा. होझोजी तळ्यातली अल्ड्रोव्हांडा १९६६ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर झाली आणि त्यानंतर थोड्याच काळात तिथली नैसर्गिक वस्ती संपली. कागदाने ती वाचली नाही. लोकांनी वाढवून ठेवली म्हणून तिथला वाण टिकला.

------

काठावरचा:

दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि दोन्ही तुमच्या बाजूने जातात. वाढवून राखीव साठा ठेवण्याला माझा विरोध नाहीच, उलट एकाच जागी न ठेवता दोन-तीन जागी ठेवावा असंच म्हणेन. भांडण 'सोडण्या'बद्दल आहे. त्रेबोनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लुबोमीर अडामेक यांनी जे केलं त्यातला मोठा भाग रोप वाढवण्याचा नव्हता, पाणी निवडण्याचा होता. तळ्यांचं पाणी तपासून, कुठे काय कमी आहे ते बघून जागा ठरवल्या आणि नंतर पुढच्या हंगामांत काय झालं याची नोंद ठेवत गेले. तेवढं करूनही सगळीकडे ती टिकली नाही.

इथे थोडं लांबण लावतो, कारण माझ्या मते धाग्याचा गाभा हाच आहे.

अल्ड्रोव्हांडाला प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच लागतो. हायड्रिलासारख्या वनस्पती तो कमी पडला की बायकार्बोनेटवर भागवतात, हिला ते जमत नाही. आता उन्हाळ्यातलं, शेवाळानं भरलेलं तळं घ्या. दुपारपर्यंत शेवाळ आणि हायड्रिला मिळून पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून टाकतात, सामू नऊच्याही वर जातो. अशा पाण्यात भरपूर ऊन असूनही ही उपाशी राहते. किडे कितीही मिळोत, किड्यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतो, पण कार्बनची मोठी गरज पाण्यातूनच भागवावी लागते.

मग ती जगते कुठे? पाणकणीस, बोरू, लव्हाळे यांच्या मधल्या उथळ, उबदार, चहाच्या रंगाच्या पाण्यात. गेल्या हंगामाची वाळकी पानं तळाशी कुजतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो. तपकिरी रंग देणारी ह्युमिक आम्लं शैवालाला डोकं वर काढू देत नाहीत. उभ्या पात्यांमुळे वारा-लाटांनी ती वाहून जात नाही. म्हणजे ज्याला आपण घाण आणि गाळ म्हणतो त्यावरच तिचा संसार चाललेला असतो.

तळ्यात खताचं पाणी शिरलं की ती मरते हे खरं. पण खत तिला विषारी नाही, टबात ती बऱ्यापैकी पोषक पाण्यातही वाढते, हे टबातली_बाग सांगतीलच. खतावर तंतुमय शैवाल माजतं, तिच्या वलयांत गुंतून बसतं आणि तिला गुदमरवून बुडवतं. मूळ नाही, खोड रोवलेलं नाही, त्यामुळे स्पर्धेत ती नेहमीच कच्ची. म्हणूनच दहा ठिकाणी सोडून दोन ठिकाणी जगेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही. चुकीच्या पाण्यात दहाच्या दहा ठिकाणी मरेल. आणि बरोबरचं पाणी टिकवलंत तर आहे तिथली वस्ती न सोडताही वाढेल.

------

टबातली_बाग:

पोषक पाण्याबद्दल बरोबर आहे, टबात शैवाल दिसलं की मी हाताने काढत बसते, नाहीतर संपलंच. आणि टबात वाळका पाला घालते तो याचसाठी. पटलं बरंचसं. पण राखीव साठ्याच्या कामात हौशी लोकांना सामील करून घ्यायला हवं, हे माझं म्हणणं कायम. संस्थांचे टबही कुणीतरी माणूसच साफ करतो.

------

पाणकणीस:

त्यावर एक अट. कुठल्या वस्तीतून आणलं त्याची चिठ्ठी टबाला कायमची चिकटलेली असली पाहिजे. या वनस्पतीत जनुकीय विविधता एवढी तुटपुंजी आहे की, दूरदूरच्या वस्त्याही जवळजवळ सारख्या निघतात. कुणी म्हणेल मग चिठ्ठी कशाला? पण थंड मुलखातली वस्ती हिवाळ्यात टोकाला घट्ट कळ्या धरून तळाशी जाते, उष्ण मुलखातली तशा धरत नाही. उष्ण मुलखातलं रोप गोठणाऱ्या तळ्यात सोडलंत तर पहिल्याच थंडीत कारभार आटोपला. चिठ्ठी नसलेला साठा सोडायच्या कामी शून्य.

------

निळीशाई:

मी वनस्पती क्षेत्रातली नाही, तळं स्वच्छ करणाऱ्या गटात काम करते. वर लिहिलंय ते वाचून धसकाच घेतला. आमच्याकडे स्वच्छता म्हणजे पाणकणीस मुळापासून काढायचा, गाळ उपसायचा, पाणी वाढवायचं आणि 'शेवाळ' खायला गवत्या मासा सोडायचा. यातलं काय चालतं?

------

भिंगबहाद्दर:

गवत्या मासा अजिबात नको. ग्रास कार्प आधी मऊ, चवीचं खातो, आणि दुर्मीळ पाणवनस्पती बहुतेक मऊच असतात. तंतुमय शैवाल सगळ्यात शेवटी. एकदा सोडला की परत काढणंही अवघड.

पाण्याची पातळी एकदम वाढवणंही घातकच. ही उथळ पाण्यातली, पाणी खोल झालं की थंड राहतं आणि आजूबाजूचे लव्हाळे बुडून मरतात.

पाणकणसाचं मात्र दोन्ही बाजूंनी आहे. सगळा काढलात तर आसरा गेला. अजिबात न काढता तो सगळ्या तळ्यावर चढला तर सावलीनं हिचा उजेड गेला. तेव्हा तुकड्यातुकड्याने, काठापासून आत मोकळ्या खिडक्या राहतील असं कापा, एका वर्षी एक बाजू, आणि कापलेलं थोडं तिथेच राहू द्या. गाळ उपसायचाच असेल तर आधी बघून घ्या की काय काय आहे. एकदा यंत्र उतरलं की ओळखायला काही उरत नाही.

------

काठावरचा:

निळीशाई, यात एक भर. बाहेरून येणारं खताचं आणि सांडपाणी वळवता आलं, तर तळ्याच्या आत करायचं काम निम्म्याने कमी होतं. तुमच्यासारख्या गटाला पंचायतीत किंवा पालिकेत जाऊन ते मागता येतं, आम्हा भिंगवाल्यांना कुणी विचारत नाही.

------

चिखलपाय:

समजा खरंच सापडली. जागा इथे सांगायची की नाही?

------

पाणकणीस:

नाही. वस्ती छोटी असते, चार हौशी माणसं पिशव्या घेऊन आली तर एका दुपारी संपेल. टबातली_बाग, हे तुम्हाला उद्देशून नाही! नोंदणीच्या संकेतस्थळांवर टाकणार असाल तर जागेचे आकडे झाकायची सोय वापरा. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, पण त्याच दिवशी त्याच तळ्यातल्या साध्या बदकाची नोंद उघडी टाकलीत तर झाकून उपयोग काय? मोबाईलच्या फोटोत जागा लपलेली असते, इथे चढवण्याआधी तीही काढा. नेमकी जागा जवळच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला आणि वन खात्याला कळवा.

आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना बूट, जाळी, तबक धुऊन पूर्ण वाळवा. हिचा प्रसार पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून होतो असं मानतात. आपले पाय त्यापेक्षा मोठे, आणि आपण बरोबर नको त्याही वनस्पती नेतो.

------

अवांतर_अण्णा:

फोटो असताना विद्यापीठवाल्यांना वाळवलेला नमुना कशाला लागतो? संकटग्रस्त म्हणायचं आणि वर तोडायची?

------

भिंगबहाद्दर:

फोटोवरून पुढे शंभर वर्षांनी कुणाला सापळ्याचे केस मोजता येणार नाहीत, डीएनए काढता येणार नाही. १६९६ ची नोंद आजही तपासता येते ती नमुन्यावर उभी आहे म्हणूनच. पण वस्ती मोठी असेल तरच, परवानगी असेल तरच, आणि तेही अख्खी वनस्पती नको, एक सुटी फांदी पुरे. ती पुन्हा वाढते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या दिसत असतील तर फोटोवरच थांबा.

वाळवायची पद्धतही सांगतो, कारण इथे हमखास वाट लागते. तबकातल्या पाण्यात जाड कागद खाली सरकवा, फांदी त्यावर तरंगत आणा, मऊ कुंचल्याने वलयं पसरवा आणि कागद एका बाजूने हळूच, तिरका उचला. पाणी निथळतं आणि वलयं पसरलेलीच राहतात. वरून मेणकागद, मग टीपकागद, मग वजन. मेणकागद विसरलात तर सापळे टीपकागदाला चिकटून निघून येतात. एक-दोन वलयं अल्कोहोलच्या कुपीत वेगळी ठेवा. फूल मिळालं तर सोडू नका. पांढरं, पाच पाकळ्यांचं, पाण्याच्या जेमतेम वर येतं आणि काही तासच उघडतं, कित्येकदा उघडतच नाही.

------

निळीशाई:

शेवटचा प्रश्न. एखाद्या तळ्यात जुनी नोंद आहे आणि आम्हाला काहीच दिसलं नाही, तर 'नाही' असं लिहायचं का?

------

काठावरचा:

'दिसली नाही' असं लिहा, बरोबर महिना, पाण्याची खोली, सामू, तापमान, किती जणांनी किती वेळ कुठल्या काठाला शोधलं, हे सगळं लिहा. थंड मुलखात हिवाळ्यात ती पाच-सहा मिलिमीटरच्या कळ्यांच्या रूपात तळाच्या गाळात असते, तेव्हा शोधणं व्यर्थ. पाणी तापल्यावर, फुलायच्या हंगामात जा. काठाने चालत मोकळं पाणी बघत राहू नका, पाणकणसाची पाती बाजूला करून आतल्या खिडक्यांत बघा. सापडलीच तर मोजायला एक-एक वनस्पती धरू नका, वेड लागेल. ठरावीक मापाची चौकट पाण्यावर ठेवा आणि चौकटीतली टोकं मोजा, कारण प्रत्येक फांदीला वाढतं टोक एकच असतं.

नमुना नोंदतक्ता उद्या इथेच चढवतो. चिखलपाय, त्यात काराचाही रकाना ठेवलाय.